आधी कम्युनिटी कॉलेज, मग युनिव्हर्सिटी: कॅलिफोर्नियातली दोन वर्षं नोव्हेंबरपासून उलटी मोजा

मी कम्युनिटी कॉलेजला जाणार, असं नाशिकला आजीला फोनवर सांगितलं तेव्हा तिला वाटलं, पोरीला कुठेच ॲडमिशन मिळाली नाही. शेवटी मामाने तिला समजावलं, "अगं आई, आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून पोरं थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जातात ना? तसंच आहे हे." मामाची तुलना इतकी चपखल होती की पुढे बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, कितीतरी मराठी घरांत मी तीच वापरली. आपल्याकडच्या डिप्लोमाच्या मुलांना पॉलिटेक्निकमधून आलेली म्हणून थोडं कमी लेखतात आणि चौथ्या वर्षाला तीच मुलं वर्कशॉपमध्ये सगळ्यांना शिकवत असतात. इथेही बरंचसं तसंच चालतं.

कॅलिफोर्नियात ही वाट सरकारने मुद्दाम बांधलेली आहे. १९६०च्या मास्टर प्लॅनने राज्यातल्या उच्च शिक्षणाचे तीन थर ठरवले: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू, आणि सगळ्यांना दार उघडं असलेली कम्युनिटी कॉलेजं. खालच्या थरातून वर जायचा जिना त्याच आराखड्यात होता. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. बारावीचे, म्हणजे इथल्या हायस्कूलचे मार्क कसेही असोत, प्रवेश मिळतो. पहिली दोन वर्षं इथे आणि पुढची दोन यूसी किंवा सीएसयूमध्ये केली की पदवीवर नाव त्या युनिव्हर्सिटीचंच येतं.

मी अकरावीत असताना आईबाबांबरोबर सनीव्हेलला आले. नंतर कम्युनिटी कॉलेज केलं आणि तिथून यूसीच्या डेव्हिस कॅम्पसला ट्रान्सफर झाले. त्या वेळी कोणी हाताला धरून सांगायला हवं होतं, असं मला फार वाटायचं. ते सगळं इथे एकत्र लिहिते आहे.

आधी कॅलेंडर समजून घ्या

सगळे म्हणतात, दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज. अर्ज मात्र दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये भरावा लागतो आणि बहुतेक मुलांना हे फार उशिरा उमगतं.

हिशोब करून पाहा. कुपर्टिनोचं डी अँझा किंवा लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल कॉलेज तिमाही पद्धतीवर चालतं. पहिलं फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं. मग विंटर, मग स्प्रिंग, मग वाटल्यास समर. पुन्हा सप्टेंबर उजाडतो आणि लगेच नोव्हेंबर येतो. म्हणजे यूसीच्या अर्जात ज्यांचे ग्रेड दिसतात असे जेमतेम तीन क्वार्टर आणि एक समर तुमच्या हातात असतात. दुसऱ्या वर्षाच्या फॉलचे ग्रेड जानेवारीत कळवता येतात. त्यापुढचे विषय अर्जात फक्त 'घेणार आहे' म्हणून दिसतात. ओलोनी, मिशन, वेस्ट व्हॅली, डायब्लो व्हॅली, सँटा मोनिका ही कॉलेजं सेमिस्टरवर चालतात. तिथे तर अर्जापूर्वी फक्त दोन सेमिस्टर आणि समर मिळतो.

'पहिलं क्वार्टर जरा रुळायला घेऊ, मग जोर लावू' हा विचार इथे महाग पडतो. मी तोच केला. पहिल्या फॉलला दोन हलके विषय घेतले आणि गणित विंटरवर ढकललं. त्या एका निर्णयामुळे माझी पूर्ण साखळी तीन महिने मागे सरकली, आणि अखेर मला कॉलेजात तिसरं वर्ष काढावं लागलं. तीन वर्षं लागणं वाईट नाही. खूप जणांना लागतात, नोकरी करणाऱ्यांना तर लागतातच. पण ते ठरवून व्हावं.

कागद आडवा धरा. उजव्या टोकाला 'बदली: फॉल' लिहा. त्याच्या डावीकडे 'जुलै: शेवटची ट्रान्सक्रिप्ट' (म्हणजे गुणपत्रक), मग 'जानेवारी: ग्रेड अपडेट', मग 'नोव्हेंबर: अर्ज', मग 'सप्टेंबर: टॅग'. टॅग म्हणजे काय ते पुढे येतंच. उरलेल्या जागेत क्वार्टरचे रकाने पाडा. हा कागद दोन वर्षं भिंतीवर राहू द्या.

फी आणि व्हिसा

कॅलिफोर्नियाचे रहिवासी मानले गेलात तर फी युनिटवर, म्हणजे विषयाच्या क्रेडिटवर ठरते: सेमिस्टरच्या युनिटला ४६ डॉलर, तिमाही युनिटला ३१ डॉलर. क्वार्टरला १५ युनिट घेतलीत तर ४६५ डॉलर आणि वर आरोग्य, पार्किंग अशा किरकोळ फिया. उत्पन्न कमी असेल तर 'कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट'खाली युनिटची फीही माफ होते. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनी फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, दरवर्षी भरावाच, 'आपल्याला काही मिळणार नाही' असं घरबसल्या ठरवू नये.

रहिवासी ठरायला टर्म सुरू होण्यापूर्वी किमान एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहणं आणि इथेच राहायचा हेतू कागदोपत्री दाखवणं लागतं: घराचा करार, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरचे पालक आणि त्यांची एच-४ या आश्रितांच्या व्हिसावरची मुलंही रहिवासी ठरू शकतात. हे अनेक मराठी कुटुंबांना माहीत नसतं आणि ते पहिल्याच टर्मला परराज्याची फी भरून मोकळे होतात. कॉलेजने तुम्हाला 'अनिवासी' ठरवलं तर गप्प बसू नका. ॲडमिशन ऑफिसात रेसिडेन्सी पाहणारी व्यक्ती वेगळी असते. तिच्याकडे कागद घेऊन जा.

एच-४च्या मुलांसाठी दोन गोष्टी जरा थांबून सांगते, कारण मी त्यातून गेले आहे. पहिली, एच-४वरच्या मुलांना काम करायची परवानगी नसते. कॉलेजातली लायब्ररीची नोकरीसुद्धा नाही. मैत्रिणी बुकस्टोअरमध्ये काम करून पेट्रोलचे पैसे काढत होत्या आणि मला प्रत्येक वीस डॉलरसाठी बाबांकडे हात पसरावा लागे. ती टोचणी खरी असते, ती मुलांशी घरात मोकळेपणी बोला. दुसरी, एकविसाव्या वाढदिवशी एच-४ संपतो. बरेचदा हा दिवस नेमका कम्युनिटी कॉलेजच्या शेवटी किंवा युनिव्हर्सिटीच्या सुरुवातीला येतो. तोवर ग्रीन कार्ड हातात नसेल तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, आणि एफ-१वर गेल्यावर रहिवासी फीचा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो. यूसीत अनिवासींना वरची फीच वर्षाला ३०,००० डॉलरहून अधिक पडते. त्यामुळे मूल १९ वर्षांचं असतानाच इमिग्रेशनच्या वकिलाशी आणि जिथे जायचं आहे तिथल्या रेसिडेन्सी ऑफिसशी बोला. तीन वर्षांचा आराखडा करताना हा वाढदिवस त्या भिंतीवरच्या कागदावर लिहाच.

पुण्या-नागपुरातून थेट एफ-१वर येणाऱ्यांना अनिवासी फी पडते. तरी यूसीत चार वर्षं काढण्यापेक्षा ती बरीच कमी असते. दर टर्मला किमान १२ युनिट घ्यावीच लागतात, त्यात ऑनलाइन विषय एकच धरता येतो, आणि कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं. एखादा विषय सोडल्याने १२च्या खाली जात असाल तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ऑफिसला विचारा, मगच बटण दाबा.

मेजर आणि असिस्ट

असिस्ट डॉट ऑर्ग ही संपूर्ण प्रवासातली सर्वांत महत्त्वाची साइट. कोणत्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय कोणत्या यूसी किंवा सीएसयूच्या कोणत्या विषयाच्या तोडीचा मानला जातो, याची अधिकृत यादी तिथे असते. तुमचं कॉलेज, हवी ती युनिव्हर्सिटी आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडलं की दोन रकाने समोर येतात.

ती यादी वाचायला शिकावं लागतं. डावीकडे युनिव्हर्सिटीचा विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा. मध्ये 'आणि' असेल तर उजवीकडचे सगळे विषय मिळून डावीकडचा एक होतो. तिमाही कॉलेजात हे फार दिसतं. अशी मालिका अर्धी एका कॉलेजात आणि अर्धी दुसऱ्यात करू नका. दोन्हीकडचे अर्धे जुळतीलच असं नाही. 'तोडीचा विषय नाही' असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका. तो विषय बहुतेक वेळा बदलीनंतर करता येतो. नाहीतर शेजारच्या कॉलेजात तो आहे का, ते पाहा. बे एरियातली मुलं दोन कॉलेजांत एकाच वेळी विषय घेतात, त्यात गैर काही नाही.

आता साखळीकडे या. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनीअरिंग करायचं असेल तर कॅल्क्युलसचे तिमाहीत चार कोर्स लागतात आणि ते एकामागून एकच घेता येतात. फिजिक्सची मालिका कॅल्क्युलसच्या खांद्यावर उभी. प्रोग्रामिंगचीही वेगळी मालिका. केमिस्ट्रीत तीन क्वार्टर. पहिली कडी उशिरा पकडली की पूर्ण गाडी उशिरा. म्हणून विषय निवडताना आधी सर्वांत लांब साखळी शोधा आणि तिची पहिली कडी पहिल्याच क्वार्टरला घ्या. इतिहास, कला, मानसशास्त्र हे विषय कोणत्याही फटीत बसतात.

मेजर ठरलं नसेल तर? दोन जवळची मेजरं धरा आणि दोघांच्या असिस्ट याद्या शेजारी ठेवा. जे विषय दोन्हीकडे आहेत ते पहिल्या वर्षी करा. इकॉनॉमिक्स की डेटा सायन्स असा घोळ असेल तर कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स दोन्हीकडे उपयोगी पडतील.

तीन ते पाच कॅम्पस निवडा आणि प्रत्येकाची यादी छापून ठेवा. बर्कलीला लागतं ते सगळं डेव्हिसला लागतंच असं नाही. मी रंगीत पेनांनी खुणा केल्या होत्या, आणि चार कॅम्पसना समाईक असलेले विषय एका नजरेत दिसायचे.

यूसीचे किमान नियम आणि कॅल-जीईटीसी

यूसीला तिसऱ्या वर्षात जायला ६० सेमिस्टर युनिट किंवा ९० तिमाही युनिट लागतात, तीही यूसीला चालणारी. कॅटलॉगमध्ये प्रत्येक विषयापुढे ते लिहिलेलं असतं. रहिवाशांना किमान जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, २.४, अनिवासींना २.८. हा फक्त उंबरठा आहे, बर्कली-लॉस एंजलिसला प्रत्यक्षात खूप वरचा जीपीए लागतो. त्याशिवाय सात विषयांचा साचा आहे: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि कला-मानव्यशास्त्र, सामाजिक शास्त्र, विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतून चार. बदली फॉलला असेल तर हे आधीच्या स्प्रिंगपर्यंत संपलेलं हवं.

सामान्य शिक्षणाचा जो साचा पूर्वी आयजीईटीसी नावाने होता, त्याच्या जागी २०२५च्या फॉलपासून नव्या मुलांसाठी कॅल-जीईटीसी आला. यूसी आणि सीएसयू दोघांना एकच साचा चालतो. एकूण ११ विषय, ३४ सेमिस्टर युनिट, सगळ्यांत किमान सी. सी-वजा चालत नाही. त्यात भाषण करायचा एक विषय आणि एथ्निक स्टडीजचा, म्हणजे वांशिक समूहांच्या अभ्यासाचा, एक विषय येतो. लाजाळू मुलं भाषणाचा विषय शेवटपर्यंत टाळतात. तो पहिल्या उन्हाळ्यात घेऊन मोकळे व्हा, त्याचा उपयोग पुढे प्रत्येक वर्गात होतो.

मात्र हा साचा पूर्ण करणं प्रत्येकासाठी पहिलं काम नाही. इंजिनीअरिंग आणि विज्ञानाच्या मेजरना मेजरचे विषय आधी बघितले जातात. फिजिक्स राहिलं आणि कला पूर्ण झाली, तर निवड करणाऱ्याला त्याचं कौतुक नसतं. इंग्रजी, इतिहास, समाजशास्त्र अशी मेजरं असतील तर कॅल-जीईटीसी पूर्ण करणं शहाणपणाचं.

सीएसयूला जायचं असेल तर 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' बघा. ६० युनिटची ही पदवी घेतली की सीएसयूत कुठेतरी जागा नक्की मिळते. 'कुठेतरी' हा शब्द लक्षात ठेवा. सॅन होजे स्टेटलाच मिळेल अशी हमी त्यात नाही.

विषयांची नोंदणी

नोंदणीची तारीख प्रत्येकाला वेगळी मिळते. ओरिएंटेशन आणि शैक्षणिक आराखडा वेळेत केला तर लवकरची तारीख मिळते. तारीख मिळाली की त्या दिवशी नोंदणी उघडण्याच्या क्षणी लॅपटॉपसमोर बसा. केमिस्ट्री आणि फिजिक्सच्या लॅबचे वर्ग काही तासांत भरतात.

जागा नसेल तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या तासाला वर्गात हजर राहा. नोंदणी करून पहिल्या तासाला न येणाऱ्यांची नावं प्राध्यापक काढून टाकतात आणि तिथेच जागा निघते. मला केमिस्ट्रीत अशीच मिळाली. वेटलिस्टवर सातवी होते, मागच्या भिंतीला टेकून दोन तास उभी राहिले, शेवटी बाईंनी ॲड कोड, म्हणजे नाव घालायचा परवानगीचा आकडा दिला.

पुस्तकांवर शेकडो डॉलर घालू नका. वेळापत्रकात 'झीरो टेक्स्टबुक कॉस्ट' अशी खूण असते, ती शोधा. बाकीची पुस्तकं लायब्ररीच्या रिझर्व्हमध्ये दोन-दोन तासांसाठी मिळतात.

हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय घेणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी: त्या विषयांचे ग्रेड कायमचे असतात. पंधराव्या वर्षी गंमत म्हणून घेतलेल्या कोर्सचा डी सहा वर्षांनी यूसीच्या अर्जात मोजला जातो. उत्साही पालकांना हे मी दर वेळी सांगते.

आठवडा कसा घालवायचा

एका युनिटमागे आठवड्याला वर्ग धरून साधारण तीन तासांचं काम गृहीत असतं. १५ युनिट म्हणजे ४५ तास. अभ्यासाचा आठवडा पूर्ण नोकरीएवढा आहे, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. घरी राहणाऱ्या मुलाला 'तू घरीच आहेस ना' म्हणून कॉस्टकोला, एअरपोर्टला, धाकट्याला कराटेला सोडायला पाठवलं जातं. आईबाबांचा हेतू वाईट नसतो, वेळापत्रक त्यांना दिसत नसतं. मी माझं वेळापत्रक फ्रिजवर लावलं आणि आईशी ठरवलं: सोम ते गुरू चार वाजेपर्यंत मी घरात नाही असंच समज.

ही चार वाजेपर्यंतची गोष्ट माझ्या मते सर्वांत मोलाची. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत हॉस्टेल नसतं. तास संपला की मुलं पार्किंगकडे चालू लागतात आणि दुपारी कॅम्पस ओस पडतो. त्यांच्याबरोबर तुम्हीही गेलात तर दोन वर्षांत एकही मित्र होत नाही. मी पहिलं क्वार्टर तसंच काढलं. कोणाचं नाव माहीत नाही, डबा गाडीत बसून खायचा. दुसऱ्या क्वार्टरला शेवटचा तास संपल्यावरही थांबायचं ठरवलं आणि गणिताच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये जाऊन बसू लागले. शिकवणी मोफत. तिथे रोज तीच पाच-सहा टाळकी दिसायची: एक व्हिएतनामी मुलगा, सैन्यातून परतलेला चाळिशीचा एक गृहस्थ, दोन मुलांची आई असलेली एक ताई. फायनलच्या आधी आम्ही फळ्यावर एकमेकांना इंटिग्रेशन शिकवत होतो. यूसीच्या निबंधात मी पुढे त्याच टेबलाबद्दल लिहिलं.

प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स, म्हणजे मुलांना भेटायच्या राखीव वेळा, बहुतेकदा रिकामे असतात. अनेक प्राध्यापक अर्धवेळ असतात, दोन-तीन कॉलेजांत शिकवतात, त्यांना स्वतंत्र खोलीही नसते. ते वर्गानंतर दहा मिनिटं थांबतात तेव्हाच गाठा. 'सर, शंका नाही, पण हा विषय पुढे कुठे वापरतात?' एवढं विचारलं तरी गप्पा सुरू होतात. यूसीला अर्जासोबत शिफारसपत्र लागत नाही, पण खासगी युनिव्हर्सिटीला आणि शिष्यवृत्तीला लागतं, आणि ते लिहिणारा तुम्हाला नावाने ओळखणारा हवा.

गाडी असेल तर पहिले दोन आठवडे पार्किंगसाठी चाळीस मिनिटं धरा. नसेल तर विद्यार्थी फीमध्ये बसचा पास आहे का, ते पाहा.

क्लब एक पुरे, पण त्यात काहीतरी करा. एच-४ची मुलं पगारी काम करू शकत नाहीत, त्यांच्यासाठी स्वयंसेवा हा खरा अनुभव ठरतो. बे एरियात शनिवार-रविवारी मराठी शाळा भरतात. तिथे लहान मुलांना बाराखडी शिकवणं दोन वर्षं सातत्याने केलं, तर ते पाच क्लबांच्या नावांपेक्षा वजनदार दिसतं.

विषय अवघड गेला तर

तिमाही कॉलेजात साधारण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूणही राहत नाही. त्यानंतर साधारण आठव्या आठवड्यापर्यंत सोडला तर 'डब्ल्यू', म्हणजे विषय सोडल्याची खूण दिसते. तारखा कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये पाहून लगेच फोनमध्ये घाला. एखादा डब्ल्यू कोणाचं नुकसान करत नाही. डी मात्र करतो. सीपेक्षा कमी ग्रेड मिळाला तर विषय पुन्हा घेता येतो. सी मिळाला की यूसीसाठी तो तसाच राहतो, सुधारता येत नाही. म्हणून सहाव्या आठवड्यात सीच्या काठावर असाल तर प्राध्यापकांना सरळ विचारा, 'माझं बी पर्यंत जाणं शक्य आहे का?' ते खरं सांगतात.

मेजरच्या विषयांत ग्रेडऐवजी नुसतं 'पास-नो पास' घेऊ नका.

आणि मन खचलं असेल तर कॉलेजच्या आरोग्य केंद्रात समुपदेशन मिळतं, त्या आरोग्य फीमध्येच ते येतं. शाळेतल्या मैत्रिणींचे बर्कलीच्या हॉस्टेलमधले फोटो पाहताना मला रडू यायचं. गणेशोत्सवात कोणी 'कुठल्या कॉलेजला?' विचारलं की बाबा विषय बदलायचे. एके दिवशी मी त्यांना सांगितलं, बाबा, नाव घेत जा. ते दोघांनाही सोपं गेलं नाही, पण पुढच्या वर्षी त्यांनी मंडळातल्या काकांना स्वतःहून माझं वेळापत्रक सांगितलं.

काउन्सेलरकडे जाताना

विषय निवडायला मदत करणाऱ्या काउन्सेलरची भेट साधारण अर्ध्या तासाची मिळते आणि सप्टेंबर-नोव्हेंबरात मिळणं फार कठीण. म्हणून दर क्वार्टरच्या मध्यात जा. रिकाम्या हाताने जाऊन 'मी काय घेऊ?' विचारलं तर सर्वसाधारण उत्तर मिळतं. असिस्टची छापील यादी, केलेले विषय आणि तुमचा कच्चा आराखडा समोर ठेवून 'यात कुठे चुकतंय?' विचारा. दोन काउन्सेलर दोन उत्तरं देतात तेव्हा असिस्ट आणि त्या युनिव्हर्सिटीच्या मेजरचं पान खरं. यूसीचे प्रतिनिधी कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरला येतात, त्यांच्याशी थेट बोला. काय बोलणं झालं ते तारखेसह त्यांना ईमेलने पाठवून ठेवा.

टॅग आणि अर्ज

दुसऱ्या वर्षाच्या १ ते ३० सप्टेंबरमध्ये टॅग, म्हणजे प्रवेशाची लेखी हमी मागणारा अर्ज भरता येतो. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस ती देतात. बर्कली, लॉस एंजलिस आणि सॅन दिएगो देत नाहीत. सहापैकी एकाचीच हमी मागता येते. जीपीएच्या आणि विषयांच्या अटी कॅम्पसप्रमाणे बदलतात, आणि कॉम्प्युटर सायन्स, इंजिनीअरिंग अशा मेजरना अनेक ठिकाणी हमी मिळतच नाही. ज्यांना मिळते त्यांनी ती जरूर घ्यावी, मग बाकीचे अर्ज निश्चिंत मनाने भरता येतात. टॅग भरून मुख्य अर्ज विसरलात तर हमी जाते. लॉस एंजलिसवर डोळा असेल तर तुमच्या कॉलेजात ऑनर्स प्रोग्रॅम आहे का आणि तो तिथल्या ट्रान्सफर अलायन्स प्रोग्रॅमशी जोडलेला आहे का, हे पहिल्याच वर्षी शोधा.

मुख्य अर्ज १ ऑगस्टला उघडतो, सादर करायचा काळ १ ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर. ऑगस्टमध्येच सगळे विषय, युनिट, ग्रेड भरून टाका. जिथे एक विषयही घेतला असेल ते प्रत्येक कॉलेज लिहा. लपवलेलं कॉलेज नंतर सापडलं तर प्रवेश रद्द होतो. प्रत्येक कॅम्पसमागे देशातल्या मुलांना ८० डॉलर फी पडते, कमी उत्पन्नाला माफी आहे.

निबंध चार, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. एक सक्तीचा: मेजरसाठी तयारी कशी केली. बाकी सातपैकी तीन. आपल्या मुलांचा घोळ असा होतो की ती 'मी मेहनती आहे' असं सांगत राहतात. तसं सांगू नका. कोणत्या लॅबमध्ये काय चुकलं, मग काय वाचलं, कोणाला विचारलं, पुढच्या वेळी काय वेगळं केलं, ते लिहा. स्थलांतर, व्हिसा, घरची जबाबदारी यांबद्दल लिहायला लाजू नका. डीएमव्हीत, म्हणजे लायसन्सच्या सरकारी ऑफिसात, आजीसाठी दुभाषी झालात, तर तो प्रसंग तपशिलाने सांगा. पहिला खर्डा ऑगस्टमध्ये, दुसरा सप्टेंबरमध्ये. मराठी वाचणाऱ्या आईला एकदा मोठ्याने वाचून दाखवा, जिथे ती 'म्हणजे काय?' विचारेल तिथे वाक्य बदला.

जानेवारीत फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगचे विषय कळवायचं पान येतं, त्याची मुदत महिन्याच्या अखेरीस संपते. टॅगवाल्यांना तर ते अत्यावश्यक. खासगी युनिव्हर्सिटींच्या मुदती बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चच्या आसपास असतात.

एप्रिल ते जुलै

यूसीचे निकाल एप्रिलअखेरपर्यंत येतात, होकार १ जूनपर्यंत कळवायचा. होकार देण्याआधी सगळ्या कॅम्पसच्या मदतीची पत्रं शेजारी ठेवून खर्च मोजा. राहण्याचा अर्ज त्याच आठवड्यात भरा. ट्रान्सफर मुलांची घरं लवकर संपतात.

मग सर्वांत धोक्याचे दोन महिने. प्रवेशपत्रात अटी असतात: लिहिलेले सगळे विषय पूर्ण करायचे, डी-एफ नको, ठरलेला जीपीए राखायचा. स्प्रिंगमध्ये एखादा विषय सोडायची वेळ आलीच तर आधी युनिव्हर्सिटीला कळवा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा.

शेवटचे ग्रेड लागले की प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट मागवा, ती साधारण १ जुलैपर्यंत पाठवायची असते. कॅल-जीईटीसी पूर्ण केला असेल तर त्याचं प्रमाणपत्र वेगळं मागावं लागतं, ते आपोआप जात नाही. हायस्कूलमध्ये कॉलेजच्या पातळीच्या एपी परीक्षा दिल्या असतील तर त्यांचे गुण, त्या घेणाऱ्या कॉलेज बोर्डकडून थेट पाठवा.

आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस एका फोल्डरमध्ये ठेवा, पहिल्या दिवसापासून. डेव्हिसला पोचल्यावर माझा एक प्रोग्रामिंगचा कोर्स नक्की कशाच्या तोडीचा, असा प्रश्न निघाला. विभागाच्या ऑफिसमधल्या बाईंनी सिलॅबस मागितला. मी लॅपटॉप उघडून त्यांना पीडीएफ पाठवली, त्यांनी तिथेच वाचली आणि पुढच्या वर्गाच्या नोंदणीवरचं कुलूप काढलं. माझ्यामागे रांगेत उभा असलेला मुलगा त्याच कामासाठी जुन्या प्राध्यापकांना तीन आठवडे ईमेल करत होता.